शेवटच्या बाकाखालचा डबा

लातूर, ६ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

डबा मिळाला. बसस्थानकावरच्या चहावाल्याने तो बिस्किटांच्या बरण्यांमागे फळीवर जपून ठेवला होता. "ताई, आत काहीतरी वळवळ करून राहिलंय, माझं गिऱ्हाईक पळंल," म्हणाला. मी झाकण उघडून दाखवलं तर दोन पावलं मागे सरला.

साठ अळ्यांपैकी वाटेत एकही मेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसांना टोचलं. जखमेच्या पुवात सापडणारे जिवाणू पाण्यात कालवून त्याचा एक बारीक थेंब, केसासारख्या सुईने, शेवटच्या पायाच्या फटीतून. उरलेल्या तिसांना नुसतं पाणी. जिवाणू टोचलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दोन दिवसांत मरतात, असं सगळी पुस्तकं सांगतात. आज तिसरा दिवस आणि तिसांपैकी पंचवीस जिवंत आहेत. सुकन्या मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंनी, दोनदा मोजल्या. मग विचारलं, "या अळ्या वाढवल्या कुणी?"

मी सांगितलं, माझ्या मामांनी. नांदेडच्या कॉलेजात चौतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते, निवृत्त झाल्यावरही मेणपतंगाच्या अळ्या घरी पाळतात. सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती.

हे सगळं फोनवर एका मिनिटात झालं असतं. पण तुमचा नियम मोडायचा नाही. फोन फक्त 'डबा दिला' आणि 'डबा मिळाला' एवढ्यापुरता, बाकी सगळं कागदावर. किनवटच्या वसतिगृहात होते तेव्हा तुम्ही दर आठवड्याला पत्र लिहायला लावायचात, तेव्हा राग यायचा. आता पत्र लिहिलं नाही तर निकाल खरा वाटत नाही.

पुढचा डबा ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवा. मामींना जयभीम.

तुमची,
महामाया


नांदेड, ११ सप्टेंबर २०२४

चि. महामायास,
अनेक आशीर्वाद.

पंचवीस हा आकडा तुझ्या मामीला सांगितला. ती म्हणाली, "माझ्या हातचा कोंडा खाल्ल्यावर कशाला मरतेत?" त्यामुळे श्रेय वाटून घ्यावं लागलं. कोंडा, मध, दुधाची पावडर आणि थोडं ग्लिसरीन, हे मिश्रण तीच कालवते. तुझी आई किनवटहून किडलेली मधाची पोळी पाठवते, त्यातूनच नवं बियाणं धरतो. मधवाल्यांना हा किडा दुष्मन वाटतो, कारण तो मेणाची पोळी पोखरून फस्त करतो. माझ्या घरात त्याला माणसांच्या आधी नाश्ता मिळतो.

आता तू पीएच.डी. करून डॉक्टरीण होणार म्हणून काही गोष्टी शिकवायच्या सोडणार नाही. अळी काळी पडली म्हणजे मेली असं लिहू नकोस. तिच्या अंगात घाण शिरली की ती घाणीला वेढा घालून काळी खपली धरते. काळं पडणं म्हणजे कधी कधी जिंकणं असतं. मेली की जगली हे ब्रशने तीनदा विचारायचं. तिन्ही वेळा हलली नाही तरच वहीत लिहायचं. आमच्या कॉलेजात मोठमोठ्या साहेबांनी जिवंत अळ्या मेल्या म्हणून फेकल्या आहेत आणि मी त्या कचऱ्यातून उचलून पुन्हा वाढवल्या आहेत.

दुसरं, वही. खाडाखोड चालते, खोटं चालत नाही. हे मी तुला आठवीत सांगितलं होतं, पुन्हा सांगतो.

डबा गावागावांतून थांबत जाणाऱ्या गाडीनेच पाठवत जाईन, कंडक्टर ओळखीचा आहे. शेवटच्या बाकाखाली ठेवतो. पुढे ठेवला की लोक त्याच्यावर पिशव्या रचतात.

तुझा मामा,
व्यंकटराव


लातूर, १८ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

दुसऱ्या डब्यातल्या तिसांपैकी चोवीस जगल्या. आमच्या प्रयोगशाळेत सध्या तुमच्या अळ्यांचाच विषय आहे. मॅडम म्हणतात, हे जमून आलं तर डिसेंबरच्या सल्लागार समितीपुढे आपण मान वर करून उभं राहायचं. समितीने मान्य केलं की प्रबंध लिहायला घ्यायचा. नाही केलं तर दोन वर्षं मागे.

ब्रशने तीनदा विचारते. पाच अळ्या कोळशासारख्या काळ्या होत्या, तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यातली एक अशी वळली की जणू झोपमोड केली म्हणून चिडली. मला तुमची आठवण झाली.

मामा, ही अळी लढते कशी हे जितकं वाचते तितकं तिचं कौतुक वाटतं. तिला आपल्यासारखी लस देता येत नाही, झालेला आजार ती आपल्यासारखा वर्षानुवर्षं लक्षात ठेवत नाही. पण जिवाणू आत शिरले की तिच्या पातळ रक्तातल्या पेशी त्यांना गिळायला धावतात. जे गिळता येत नाहीत त्यांना गराडा घालून काळ्या गाठीत कोंडतात. तेवढ्यात तिच्या अंगातली चरबी जिवाणूंना भोकं पाडणारी द्रव्यं तयार करायला लागते. बोटाच्या पेराएवढा जीव आणि एवढा बंदोबस्त.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मिरवणुकीत चाललात का? मामी म्हणाल्या होत्या, नवी चप्पल घेतली म्हणून. फोटो पाठवा.

तुमची,
महामाया


नांदेड, १४ नोव्हेंबर २०२४

चि. महामायास,
आशीर्वाद.

चौथा डबा नेहमीप्रमाणे पाठवला आहे. तिसराही नेहमीप्रमाणेच होता. आज जास्त लिहीत नाही, हात आखडला आहे. फोटो नंतर.

व्यंकटराव


लातूर, २२ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

तिसऱ्या डब्यातल्या तिसांपैकी पंचवीस अळ्या मेल्या. मला वाटलं, माझाच हात चुकला. म्हणून चौथ्या डब्याची वाट पाहिली. त्यातल्या सव्वीस मेल्या. पाणी टोचलेल्या सगळ्या धडधाकट आहेत, म्हणजे सुईचा दोष नाही. जिवाणू त्याच कुपीतले, मापही तेच.

समितीतल्या एका सरांना मॅडमनी आकडे दाखवले. ते म्हणाले, आधीचे दोन निकाल संशयास्पद आहेत. मग विचारलं, "अळ्या घरगुती आहेत ना? म्हातारबुवा खाद्यात काही औषध तर घालत नाहीत? अळ्या मरू नयेत म्हणून लोक घालतात." मी नाही म्हणाले. लगेच म्हणाले. पण घरी आल्यावर वाटलं, संशोधन करणाऱ्या माणसाने विचारल्याशिवाय नाही म्हणू नये, हे तुम्हीच शिकवलं आहे. म्हणून विचारते. पहिल्या दोन वेळी खाद्यात काही वेगळं होतं का?

तुमचं मागचं पत्र चार ओळींचं होतं आणि अक्षर असं ओढलेलं की रागाने लिहिल्यासारखं. मी काही चुकीचं बोलले असेन तर सांगा.

समिती २० डिसेंबरला आहे.

महामाया


नांदेड, २६ नोव्हेंबर २०२४

चि. महामायास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं नाही. तिला कळलं असतं तर ती कोंड्याचं पातेलं घेऊन लातूरला आली असती.

खाद्यात औषध नव्हतं. पहिल्या डब्यात नव्हतं, चौथ्यात नव्हतं, चौतीस वर्षांत कधी नव्हतं. माझ्याकडे शिकलेली पोरं आज कुठे कुठे प्राध्यापक आहेत, त्यातल्या एकानेही मला हा सवाल केला नाही. तू केलास. वाईट वाटलं. रात्रभर वाटत राहिलं. सकाळी चहा पिताना वाटलं, विचारलं नसतंस तर जास्त वाईट वाटलं असतं, कारण मग मी तुला शिकवलेलं पाण्यात गेलं असतं.

मी रागावलो नव्हतो. हात आखडला होता, तेच लिहिलं होतं.

त्या सरांना सांग, म्हातारबुवाने संशयाचा मान राखला आहे. आता तू कामाला लाग. दोन डबे जगले, दोन मेले, तर दोघांत काय बदललं याची यादी कर. एक रकाना तुझा, एक माझा. तुझा आधी भर. काहीतरी बदललं आहे, अळी उगीच मत बदलत नाही.

तुझा मामा,
व्यंकटराव


लातूर, २ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

माझा रकाना भरला. सुई तीच, जिवाणू तेच, माप तेच, टोचण्याची वेळ सकाळी दहा, खोलीतली ऊब तीच, हात माझाच. अळ्यांचं वजनही सारखं. माझ्याकडे काहीही बदललेलं नाही. मॅडमनीही तपासलं.

आता तुमचा. चार डबे, चार ओळी. अळ्या कुणी निवडल्या, डबा कुणी बांधला, किती वाजता निघाला, कसा आला. तुम्ही पत्रात 'नेहमीप्रमाणे' लिहिलंत, पण मामा, आठवीत मी वहीत 'नेहमीप्रमाणे' लिहिलं होतं तेव्हा तुम्ही ते पान फाडायला लावलं होतं. 'नेहमीप्रमाणे' ही नोंद नाही, असं म्हणाला होतात.

समितीला अठरा दिवस राहिले. माझी दोन वर्षं तुमच्या चार ओळींवर आहेत.

महामाया


नांदेड, ५ डिसेंबर २०२४

चि. महामायास,
आशीर्वाद.

सोबत माझ्या वहीचं पान जोडलं आहे. त्यात खाडाखोड आहे. खोटं होतं ते खोडलं आणि खरं लिहिलं.

पहिला आणि दुसरा डबा मी निवडला, मी बांधला, सकाळी सातच्या गाडीत शेवटच्या बाकाखाली ठेवला. तिसरा आणि चौथा तुझ्या मामीने निवडला, बांधला. ते दोन एसटीने आलेच नाहीत. आपल्या गल्लीतले भांड्याचे दुकानदार शिवकुमार यांची सासुरवाडी लातूरला आहे, त्यांनी स्वतःच्या गाडीतून नेले. त्यांच्या घरच्यांनी डबा मांडीवर धरला होता. बसस्थानकावर उतरून त्याच चहावाल्याकडे ठेवला, म्हणून तुला कळलं नाही. मीच तसं करायला सांगितलं होतं.

का, ते आता लिहावं लागेल. मिरवणुकीला नवी चप्पल घातली. अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला. साखरेचं दुखणं असलेल्या माणसाने फोडाकडे बघायला हवं होतं, मी अळ्यांकडे बघत बसलो. बोट सुजलं, काळं पडलं, २८ ऑक्टोबरला दवाखान्यात भरती केलं. ते बोट काढावं लागलं. २० नोव्हेंबरला घरी आलो. चौदा तारखेचं पत्र पलंगावर आडवं पडून लिहिलं होतं, दुसऱ्या हातात सलाइन होतं.

तुला कळलं असतं तर तू सगळं सोडून आली असतीस. तुझ्या आईने मजुरी करून आणि मी नोकरीतून तुला इथवर आणलं, ते माझ्या एका बोटासाठी थांबू नये असं वाटलं. मामीने चारदा सांगितलं, "पोरीला कळवा, लपवून काय मिळून राहिलंय?" मी ऐकलं नाही. आज कळतं की मी बोट लपवायला गेलो आणि तुझा प्रयोग लपवून बसलो. शिकवणाऱ्यानेच खोटी नोंद केली. याची मला बोटापेक्षा जास्त लाज वाटते.

पण एक गोष्ट बघ. जगल्या त्या एसटीने आल्या आणि मेल्या त्या मांडीवर बसून आल्या. उलटं असायला हवं होतं ना? मी दोन दिवस यावर विचार करतो आहे.

लगेच निघू नकोस. यायचंच असेल तर कामासाठी ये. एकाच मादीच्या अंड्यांतल्या साठ अळ्या मी वेगळ्या काढल्या आहेत. मी निवडल्या, मीच दोन डब्यांत बांधीन, खाद्य एकाच पातेल्यातलं. एक डबा तू एसटीत शेवटच्या बाकाखाली ठेवून ने. दुसरा शिवकुमार त्याच वेळी गाडीतून आणतील, पुन्हा घरच्यांच्या मांडीवर. गाडीतला गारवा बंद ठेवायला सांगितलं आहे, नाहीतर तुझे सर म्हणतील थंडीने मेल्या.

व्यंकटराव


लातूर, २१ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

समिती काल झाली. पण क्रमाने सांगते.

आठ तारखेला मी नांदेडला आले तेव्हा तुमच्याशी नीट बोलले नाही, हे मला माहीत आहे. पट्टी बांधलेला पाय पाहून मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा राग सोपा वाटला. मामा, जे जिवाणू मी इथे काचेत जपून वाढवते, रोज माप घेऊन अळ्यांना टोचते, तेच बहुतेक तुमच्या बोटात होते. मी त्यांच्यावर निबंध लिहीत होते आणि ते तुमचं बोट खात होते. हे मला कुणी सांगितलं नाही. पुन्हा असं करू नका. एवढंच रागाचं, पुढे नाही.

नऊ तारखेला सातच्या गाडीने निघाले. डबा शेवटच्या बाकाखाली, मी बाकावर. लोहा, अहमदपूर, चाकूर, मध्ये किती गावं आणि किती गतिरोधक, मी चौऱ्याऐंशीपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. दर वेळी मी बाकावरून उडत होते आणि खाली डबा उडत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मांडीवरच्या डब्याला हे हिसके बसलेच नव्हते. सांगायला ओळखीचं कुणी नव्हतं, शेजारी एक आजी होत्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाव बाई, हाडं खिळखिळी होतेत."

दहाला सकाळी दोन्ही डब्यांतल्या अळ्या टोचल्या, या वेळी तीसच्या तीस. कुठल्या वाटीत कुठला डबा हे मला कळू नये म्हणून मॅडमनी वाट्यांवर नुसते आकडे लिहिले. ब्रशने तीनदा विचारून मोजलं. मग चिठ्ठी उघडली. एसटीच्या तिसांपैकी चोवीस जिवंत, गाडीच्या तिसांपैकी सहा.

मॅडमनी आणखी शोधलं. परदेशात काही जणांनी अळ्या बरणीत घालून हाताने हलवल्या होत्या, आणि त्याही रोगजंतूंशी जास्त नेटाने लढल्या होत्या, असं छापलेलं सापडलं. हिसके बसले की अळीला वाटतं आपल्यावर काहीतरी आलं आहे. तिच्या रक्तातल्या पेशी वाढतात, ती द्रव्यं आधीच तयार होऊ लागतात. जिवाणू शिरतात तेव्हा घर जागं असतं. हा परिणाम काही दिवसच टिकतो, आणि मी नेमकं दुसऱ्याच दिवशी टोचत होते. म्हणजे आपण पहिले नाही. पण अळ्या कुठून, कशाने, किती तास प्रवास करून आल्या हे लिहिल्याशिवाय आकडे जुळणार नाहीत, हे आपण एकाच मादीच्या अळ्यांवर दाखवून दिलं.

समितीत त्याच सरांनी विचारलं, "ही दोन डब्यांची कल्पना कुणाची?" मी तुमच्या वहीचं पान पुढे ठेवलं, खाडाखोडीसकट. त्यांनी चष्मा काढून ते पान वाचलं. मग म्हणाले, "यांनी स्वतःची चूक खोडून दाखवली आहे. असं पान मी पुष्कळ वर्षांत पाहिलं नाही." त्यांनी तुमची माफी मागितली आहे, ती मी पोचवते. प्रबंध पुढे न्यायला मंजुरी मिळाली.

मॅडम म्हणाल्या, यावर छोटा लेख पाठवू. लेखकांची नावं लिहायला त्यांनी मला बसवलं. मी तीन लिहिली. मॅडमनी तुमच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "यांचं पूर्ण नाव काय?"

तुमची,
महामाया


नांदेड, १९ फेब्रुवारी २०२५

चि. महामायास,
अनेक आशीर्वाद.

छापलेला लेख मिळाला. इंग्रजी आहे, त्यामुळे मामीने फक्त माझं नाव वाचून घेतलं. चार वेळा. मग तो कागद शिवकुमारांच्या दुकानात नेला आणि गिऱ्हाइकं थांबवून दाखवला. "आमच्या ह्यांचं नाव हाय. कोंडा माझा हाय, पर नाव ह्यांचं," असं सांगत होती, मी दारातून ऐकलं. शिवकुमार आता म्हणतात की लेखात ज्या गाडीने अळ्या मेल्या ती गाडी त्यांची आहे, तेव्हा त्यांचाही उल्लेख हवा होता.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. चौतीस वर्षांत त्या कॉलेजातल्या कितीतरी प्रबंधांना मी अळ्या पुरवल्या, झुरळं पुरवली. आभाराच्या पानावर शेवटी असायचं, 'प्रयोगशाळेतील कर्मचारी'. ते कर्मचारी म्हणजे मी. प्रबंध बांधून आला की सगळे गेल्यावर मी ते पान उघडून बघायचो आणि परत कपाटात ठेवायचो. काही तक्रार नव्हती, बघून बरंच वाटायचं. परवा तुझा लेख उघडला तर सवयीने आधी शेवटच्या पानावरचे आभार पाहिले. तिथे मी नव्हतो. मग पहिलं पान पाहिलं. व्यंकटराव निवृत्ती सोनकांबळे. मला खूप अभिमान वाटला, पोरी. तुझा आणि माझा, दोघांचा. लपवत नाही, लपवण्याचं काय होतं ते कळलं आहे.

शुक्रवारी लातूरला सगळ्यांपुढे तू लेख वाचून दाखवणार, मी पहिल्या रांगेत बसणार, हे नक्की. जखम पूर्ण भरली आहे, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हणून लिहून दिलं आहे. शिवकुमार गाडीने सोडतो म्हणतात. मी आणि मामी एसटीने येतोय. सातची गाडी, शेवटचं बाक. चौऱ्याऐंशीच्या पुढे किती गतिरोधक आहेत ते मोजून आणतो, तुझा रकाना अर्धवट राहिला आहे.

फक्त उतरल्यावर धुळीने काळा पडलेला दिसलो, तर लगेच वहीत काही लिहू नकोस. आधी तीनदा विचार.

तुझा मामा,
व्यंकटराव निवृत्ती सोनकांबळे